तीन निऑन गेले कुठे?

प्रश्न: आमच्याकडे वर्षभरापासून दोन फुटी फिशटँक आहे. आठ गप्पी, तीन मॉली, दोन एंजल आणि एक गोरामी, सगळं छान चाललं होतं. दसऱ्याच्या आदल्या रविवारी मुलीच्या हट्टापायी दहा निऑन टेट्रा आणि दोन टायगर बार्ब आणले. पिशवी अर्धा तास पाण्यावर तरंगत ठेवली आणि मगच मासे सोडले. दुसऱ्या दिवशी सकाळी तीन निऑन दिसेनात, मेलेलेही सापडले नाहीत. पाचव्या दिवशी गप्पींच्या शेपटीवर रव्याचे कण चिकटल्यासारखे ठिपके दिसले. दुकानदाराने निळं औषध दिलं आणि टाकी पूर्ण धुवा म्हणाला. खडे, फिल्टर, सगळं नळाखाली धुतलं. त्यानंतर चार निऑन आणि तीन गप्पी मेले. पाणी दुधाळ झालंय आणि सकाळी सगळे मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात. सासूबाई म्हणतात, घरावरचं संकट माशांनी अंगावर घेतलं, आता लगेच दुसरे आणून सोडा. मुलीचा वाढदिवस डिसेंबरअखेर आहे आणि तिला निऑनच हवेत. पिशवी एक तास ठेवायला हवी होती का?
– एक वाचक, डोंबिवली

ताई, पिशवी तासभर काय, दिवसभर तरंगवली असती तरी यातलं काहीही टळलं नसतं. पिशवीने फक्त दोन पाण्यांचं तापमान सारखं होतं आणि त्याला पंधरा-वीस मिनिटं पुरतात. तुमच्या टाकीत तीन वेगवेगळ्या गोष्टी एकामागोमाग घडल्या आणि त्या एकच असल्यासारख्या वाटल्या. त्या सुट्या करून सांगतो, पण आधी जे मासे जिवंत आहेत त्यांचं बघू.

मासे वर येऊन तोंड मारतायत, कारण पाण्यात अमोनिया साठलाय. माशांची विष्ठा, उरलेलं खाणं आणि खुद्द माशांचे कल्ले, या सगळ्यांतून अमोनिया सतत पाण्यात उतरत असतो. चालत्या टाकीत फिल्टरच्या स्पंजवर आणि खड्यांवर वाढलेले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्यापैकी निरुपद्रवी असं नायट्रेट करतात. स्पंजवरचा तो तपकिरी बुळबुळीत थर म्हणजे घाण नव्हे, वर्षभरात तयार झालेली ही वस्ती. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने ती बरीचशी मेली. जी उरली असेल तिला निळ्या औषधाने गाठलं. हे औषध बहुधा मिथिलीन ब्लू. ते वाईट नाही, पण त्याची जागा वेगळ्या टबात. मुख्य टाकीत ते फिल्टरच्या जिवाणूंनाही सोडत नाही. म्हणजे वर्षभर जुनी दिसणारी तुमची टाकी आतून कालपरवा मांडलेल्या टाकीइतकी कोरी आहे. दुधाळपणा त्याचाच. पाणी निवळावं म्हणून टाकी पुन्हा धुवायचा मोह होईल. तो आवरा.

आजपासून रोज पाव टाकी पाणी बदला. नवं पाणी बादलीत घेऊन त्यात अँटीक्लोरीनचे थेंब घाला आणि हात बुडवून ते टाकीइतकंच कोमट लागतंय ना बघा. एअर पंप चोवीस तास चालू राहू द्या. वीज जाण्याचा त्रास असेल तर बॅटरीवर चालणारा छोटा पंप घेऊन ठेवा. फिल्टरच्या डब्यात फिशटँकसाठी मिळणारा सक्रिय कोळसा (अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन) घातला की निळं औषध ओढून घेईल. खाणं एक दिवसाआड, चिमूटभर. एवढ्याने मासा उपाशी मरत नाही, उलट टाकीवरचा भार कमी होतो. अमोनिया आणि नायट्राइट तपासायची किटं दुकानात मिळतात, ती घ्याच. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर यायला चार ते सहा आठवडे लागू शकतात. तोवर टाकीत एकही नवा मासा नको.

आता ठिपके. हा इक नावाचा परजीवी. तो नव्या माशांसोबत आला, यात मला शंका वाटत नाही. ठिपका दिसतो तेव्हा परजीवी माशाच्या कातडीखाली असतो आणि तिथे त्याला कुठलंही औषध पोचत नाही. पोट भरलं की तो गळून खड्यांत पडतो, स्वतःभोवती कोष करतो आणि आतल्या आत फुटत शेकडो पिल्लं सोडतो. ही पिल्लं दोनेक दिवसांत मासा सापडला नाही तर मरतात. औषध लागू पडतं ते फक्त या पोहणाऱ्या पिल्लांना. म्हणूनच ठिपके गेले की लोक औषध थांबवतात आणि आठवड्याने ते दुपटीने परत येतात. पंचवीस-सव्वीस अंशांना हे चक्र साधारण आठवड्याचं असतं. पाणी गरम असेल तर ते भराभर फिरतं आणि कोवळी पिल्लं लवकर बाहेर पडतात.

तुमच्या टाकीची अवस्था बघता मी बाटलीतल्या औषधाऐवजी उष्णता आणि मीठ वापरेन. हीटर रोज एकेक अंशाने वाढवत तीस अंशांपर्यंत न्या. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून एअर पंप बंद पडता कामा नये. मीठ खड्याचं, आयोडीन नसलेलं, लिटरला एक ते दोन ग्रॅम. दोन फुटी टाकीत खडे वगळता पन्नास-पंचावन्न लिटर पाणी धरा, म्हणजे एकूण ५० ते १०० ग्रॅम. मगभर पाण्यात विरघळवून दोन-तीन दिवसांत थोडं थोडं सोडा. मिठाचे खडे तसेच टाकू नका. गप्पी-मॉलींना मीठ मानवतं, निऑन नाजूक असतात, म्हणून एका ग्रॅमपासून सुरुवात करा. एक गोष्ट बरेच जण विसरतात: पाणी उडून जातं, मीठ उडत नाही. रोजचं पाव टाकी पाणी बदलताना जेवढं पाणी काढलं तेवढ्याचंच मीठ नव्याने घालायचं. शेवटचा ठिपका गेल्यावरही दहा दिवस हे असंच चालू ठेवा. चार-पाच दिवसांत ठिपके वाढतच राहिले तर मॅलाकाइट ग्रीन असलेलं औषध बाटलीवरच्या मात्रेच्या निम्म्याने द्या, कारण टेट्रांना पूर्ण मात्रा झेपत नाही.

आणि ते तीन निऑन. ताई, ते तुमच्या एंजलनी खाल्ले. पहिल्याच रात्री, अंधारात, मागे काही न उरता. मेलेला मासा सहसा एका रात्रीत पुरता नाहीसा होत नाही. गोगलगायी आणि इतर मासे त्याला कुरतडतात, पण दहा-बारा तासांत सांगाडासुद्धा दिसू नये असं सहसा घडत नाही. एंजल आणले तेव्हा रुपयाएवढे असतील, वर्षात ते तळहाताएवढे झाले. दुकानात एंजल आणि निऑन एकाच टाकीत मजेत फिरताना दिसतात, कारण तिथले एंजल पिल्लं असतात. दोघेही अमेझॉनच्या खोऱ्यातले, पण तिथेही लहान मासे एंजलच्या खाण्यात असतातच. ज्याच्या तोंडात जो मावतो त्याला तो खातो, एवढा एक नियम पाठ असला तरी एकत्र टाकीतले निम्मे अपघात टळतात. उरलेले तीन निऑन अजून आहेत हे नवलच. त्यांच्यासाठी जाड पानांची झाडं एका कोपऱ्यात दाट लावा.

टायगर बार्बचं तुम्ही काही लिहिलं नाहीत. गोरामीच्या पोटाखालच्या त्या दोन लांब मिशा आज नीट बघा. तुटल्यासारख्या दिसल्या तर काम बार्बचं. एंजलचे लोंबते पंख आणि गप्पींच्या शेपट्या हीही त्यांची आवडती ठिकाणं. बार्ब आठ-दहाच्या थव्यात असले तर बहुतेक भांडणं आपापसांत करतात. दोनच असले की सगळ्या टाकीला छळतात. तुमच्या टाकीत आठ बार्बना जागा नाही, म्हणून टाकी सावरली की हे दोन ज्याच्याकडे बार्बचाच थवा आहे त्याला द्या. आजारी टाकीतून लगेच नको.

सासूबाईंना दुखवण्यासाठी मी हे लिहीत नाही. मासा मेला की घरावरचं गेलं, ही समजूत आपल्याकडे घरोघरी आहे आणि रडणाऱ्या पोरीला त्याने धीरही येतो. माझी तक्रार तिच्यातल्या पुढच्या वाक्याशी आहे: ‘आता लगेच दुसरे आणून सोडा.’ मासा का मेला हे न विचारता त्याच पाण्यात दुसरा सोडला, तर संकट त्याच्या अंगावर येणारच. दुकानदारांना मात्र ही समजूत चांगलीच मानवते.

आता तुमचा खरा प्रश्न, पुढच्या वेळी काय करायचं.

मुंबई-ठाण्याच्या दुकानांतले बरेचसे मासे चेन्नईच्या कोलत्तूर भागातून किंवा कोलकात्याहून येतात. तिथून खोक्यात, मग ठोक विक्रेत्याकडे, मग दुकानात, मग तुमच्या पिशवीत. या प्रवासात निरोगी मासासुद्धा ढेपाळतो आणि एरवी दबून असलेला आजार डोकं वर काढतो. म्हणून दुकानात पहिला प्रश्न भावाचा नको, ‘माल कधी आला?’ हा विचारा. काल आला असेल तर आठवड्याने या. कुर्ल्याच्या रविवारच्या बाजारात किंवा क्रॉफर्ड मार्केटला हे विचारायला संकोच वाटतो, गर्दी असते, पण विचारा. आवडलेला मासा बघण्याआधी त्याची सगळी टाकी बघा. तळाशी एखादा मेलेला, एखादा पंख मिटून कोपऱ्यात, एखादा खड्यांना अंग घासतोय, असं काही दिसलं तर त्या टाकीतला कितीही देखणा मासा घेऊ नका. शेजारच्या टाकीत तीच जाळी बुडवत असतील तर तिथलाही नको. समोर खाणं टाकायला सांगा. जो खाण्यावर झेपावतो तो घ्या. गुलाबी-निळ्या झगझगीत रंगाचे टेट्रा किंवा ग्लासफिश दिसले तर ते न घेता पुढे चला, त्यातल्या अनेकांना सुईने किंवा रंगात बुडवून रंगवलेलं असतं. आणि ‘काच साफ करेल’ म्हणून सकर मासा गळ्यात मारतील, तो घेऊ नका. तो फूट-सव्वा फुटाचा होतो, मग लोक त्याला तलावात सोडतात. देशातल्या कित्येक नद्या-तलावांत तो असाच पसरलाय.

मासा घरी आणल्यावर जातो कुठे, सगळं इथे ठरतं. तो मुख्य टाकीत जाता कामा नये. वीस-पंचवीस लिटरचा साधा प्लॅस्टिकचा टब घ्या, साबण न लागलेला. त्यात स्पंज फिल्टर, छोटा हीटर आणि लपायला पीव्हीसी पाइपचे दोन एल्बो. खडे नकोत. तळ मोकळा असला की विष्ठा दिसते, आणि पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा हे पोटातल्या आजाराचं बरेचदा पहिलं लक्षण असतं. वर जाळी लावा, नवे मासे उड्या मारतात. टबाची जाळी, नळी आणि पाण्याचा मग वेगळे ठेवा. त्यांना लाल सुतळी बांधून ठेवा, नाहीतर घाईत कुणीतरी तीच जाळी मोठ्या टाकीत घालतं. सगळा खर्च फार नाही. टब उन्हाच्या गॅलरीत ठेवू नका, टेबलाखालचा शांत कोपरा बरा.

स्पंज नवा कोरा चालणार नाही, कारण त्यावर जिवाणू नसतात आणि टबातही अमोनियाचीच कथा सुरू होईल. मुख्य टाकी सावरू लागली की टबाचा स्पंज तीन-चार आठवडे तिथेच एका कोपऱ्यात चालू ठेवा आणि मासे आणायच्या दिवशी उचलून टबात लावा.

पिशवीबद्दल. तासाभराच्या प्रवासातून आणलेली पिशवी न उघडता पंधरा-वीस मिनिटं टबाच्या पाण्यावर ठेवा, दिवा बंद. मग गाठ सोडा आणि दर पाच मिनिटांनी अर्धी वाटी टबाचं पाणी आत घालत अर्धा तास घ्या. शेवटी मासा जाळीने उचलून टबात आणि पिशवीतलं पाणी मोरीत. ते पाणी टबात ओतायचं नाही. तुमच्या सोसायटीत नळाच्या पाण्यात टँकरचं मिसळत असेल तर हा अर्धा तास जास्तच महत्त्वाचा. टँकरचं पाणी पुष्कळदा बोअरचं, म्हणजे जड. गीझर आणि नळांवर पांढरे पापुद्रे धरत असतील तर समजा जड आहे. गप्पी-मॉली त्यात खूश असतात. निऑन मूळचे मऊ पाण्यातले, त्यांना अशा पाण्यात सावकाश न्यावं लागतं.

कुरियरने मागवलेल्या माशांना मात्र हीच पद्धत मारक ठरते. दीड-दोन दिवस बंद पिशवीत माशांच्या श्वासाचा कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पाणी आम्लधर्मी होत जातं. अमोनियाही साठतो, पण आम्लधर्मी पाण्यात तो बहुतांश अमोनियम या कमी घातक रूपात राहतो. गाठ सोडताच वायू उडून जातो, पीएच चढतो, म्हणजे पाण्याची आम्लता कमी होते, आणि तोच अमोनिया विषारी होतो. त्या पाण्यात मासा ठेवून तुम्ही तासभर थेंब थेंब पाणी घालत बसलात, तर काळजीपोटी त्याला विषातच ठेवलं. अशी पिशवी बंदच तरंगवा, तापमान सारखं झालं की उघडा आणि लगेच मासा टबात.

पहिल्या दिवशी खाणं नको. टबात तीन ते चार आठवडे. दोन आठवड्यांत काही दिसलं नाही म्हणून सोडून देणारे असतात, पण काही परजीवी सावकाश असतात आणि आपली घाई तेवढी महाग पडते. पंख मिटलेले, अंग घासणं, कल्ल्यांची जलद धाप, निऑनच्या निळ्या-लाल पट्ट्यांचं दिवसाढवळ्या फिकटणं, यावर लक्ष ठेवा. रात्री दिवा लावल्याबरोबर निऑन फिके दिसतात, त्याला घाबरू नका, झोपेतला रंग तो. औषध आजार दिसला तरच द्या. ‘खबरदारी म्हणून’ सगळी औषधं ओतणं हा आपल्याकडचा जुना रोग आहे. जिवंत ट्युबिफेक्स, म्हणजे दोऱ्यासारखे लाल किडेही देऊ नका, ते गटारातल्या चिखलातून येतात. गोठवलेल्या लाल अळ्या, म्हणजे ब्लडवर्म, बऱ्या.

मोठ्या टाकीत सोडायचा दिवस आला की आधी जुन्यांची पोटं भरा. एखादं लाकूड, दोन झाडं इकडची तिकडे करा. ठरलेल्या जागा मोडल्या की जुने मासेही गोंधळतात आणि हद्दीवरून कमी भांडतात. दिवा बंद करून संध्याकाळी सोडा, आणि रात्रभर खोली मिट्ट अंधारी न ठेवता बाजूला मंद दिवा असू द्या.

पण तुमच्या घरी त्याआधी एक निवड करावी लागेल: एंजल की निऑन. दोन फुटी, पंधरा इंच उंच टाकी पूर्ण वाढलेल्या एंजलना तशीही अपुरीच. मला विचाराल तर एंजल एखाद्या चार फुटी टाकीवाल्याला द्या. मग आहेत त्या तिघांच्या जोडीला सहा निऑन एकदम आणा. थव्यातला मासा दोन-दोन करून आणायचा नसतो. मुलीला एंजल सोडवत नसतील तर निऑनचा विषय तिथेच संपला.

वाढदिवसाचं गणित असं बसतं. नोव्हेंबर टाकी सावरण्यात जाईल. महिन्याच्या मध्यावर इक गेलेला असेल आणि अमोनिया उतरत असेल तर टबाचा स्पंज मोठ्या टाकीत घाला. डिसेंबरच्या मध्यावर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य असतील, शेवटचा ठिपका जाऊन महिना उलटला असेल आणि एंजल दुसऱ्या घरी पोचले असतील, तर निऑन आणा. एकही अट राहिली असेल तर थांबा. वाढदिवसाला निऑन घरात असतील, पण टबात, आणि मोठ्या टाकीत जातील जानेवारीच्या मध्यावर. टब मुलीच्याच ताब्यात द्या, वहीत रोज लिहू दे कोण खातं, कोण नाही. टब रिकामा झाला की जाळी, नळी, पाइप सगळं कडक उन्हात खडखडीत वाळवा. इक कोरडेपणात टिकत नाही. स्पंज मात्र वाळवायचा नाही, तो निरोगी टाकीत परत.